जळगावचे ४५ अंश आणि दुबईचे ३६

"ऊन काय आमले नवं शे का?" आखातात नोकरी लागलेल्या खानदेशी माणसाला तिथल्या उन्हाबद्दल चार गोष्टी सांगायला गेलं की पहिलं उत्तर हे येतं. त्यात खोटं काही नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढं जातो आणि त्याच उन्हात केळीच्या बागेत पाणी धरणारी, कापसाच्या रानाची मशागत करणारी माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत. अशा माणसाला मोबाइलवर दुबईचे ३६ अंश दिसले तर तो हसणारच. पण ऑगस्टच्या रात्री दुबईत ३६ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर शरीराच्या हिशेबानं ती हवा जळगावच्या दुपारच्या ४५ अंशांपेक्षा वाईट असते. ऊन सोसायची आपली सवय खरी, पण ती कोरड्या उन्हाची. ओल्या उकाड्यात तिचा थोडाच भाग उपयोगी पडतो.

घाम वाळला तरच गारवा

शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावं लागतं. काम करताना स्नायू भट्टीसारखी उष्णता तयार करतात आणि ती बाहेर टाकायला शरीराकडं दोन मार्ग असतात. पहिला, गरम रक्त कातडीकडं पाठवून बाहेरच्या हवेला उष्णता देणं. हवा ३५ अंशांच्या वर गेली की हा मार्ग बंद होतो, उलट हवाच शरीराला तापवू लागते. मग उरतो घाम. एक लिटर घाम कातडीवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एवढी ताकद दुसऱ्या कशात नाही. अट एकच, घाम वाळला पाहिजे. कपाळावरून टपकून जमिनीवर पडलेल्या घामानं गारवा काहीच मिळत नाही, पाणी आणि मीठ मात्र जातं.

घाम वाळणार किती, हे हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर ठरतं. ३५ अंशांच्या ओल्या कातडीवर बाष्पाचा दाब साधारण ५.६ किलोपास्कल असतो. जळगावची ४५ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर तिच्यातला दाब १.४ च्या आसपास भरतो. म्हणजे बाष्प ओढून घ्यायला ४.२ चा फरक. दुबईच्या त्या रात्रीच्या हवेत दाब ४.२, म्हणून फरक उरतो जेमतेम १.५. ओढ जवळपास एक तृतीयांशावर आली. माणूस तोच, काम तेच, पण घाम वाळायचा वेग पार घसरला.

मृग लागल्यावर घरचा कूलर काय करतो ते आठवा. मे महिन्यात बाहेर ४३ असताना गवताचे पॅड चांगले भिजलेले असले तर तो २८-२९ अंशांची हवा फेकतो. जूनच्या मध्यात दोन सरी पडल्या की बाहेर पारा उतरलेला असतो, तरी तोच कूलर चिकट, दमट वारा मारायला लागतो आणि आपण पंप बंद करून नुसता पंखा ठेवतो. कूलर बिघडलेला नसतो, हवेला आणखी पाणी नको असतं. आपली कातडीसुद्धा त्याच नियमानं चालते. आखाताच्या किनाऱ्यावर ही जूनमधली चिकट स्थिती चार महिने टिकते, तीही आणखी वरच्या तापमानाला.

याचं मोजमाप घरी करून बघता येतं. साध्या थर्मामीटरच्या फुग्यावर ओली मलमलची चिंधी गुंडाळा, पंख्यासमोर पाच-सात मिनिटं धरा आणि पारा उतरायचा थांबला की आकडा वाचा. हे ओल्या फुग्याचं तापमान. अंगावरचा घाम जास्तीत जास्त किती खाली नेऊ शकेल, ते त्यावरून कळतं. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला तो आकडा २४ च्या आसपास येतो, ३६ अंश आणि ७० टक्क्यांना ३१. हा आकडा ३५ झाला की सावलीत, पंख्याखाली, ओलं होऊन बसलेला धडधाकट माणूससुद्धा फार तास तगत नाही, असं शास्त्रज्ञ मानत आले. पुढं पेन स्टेट विद्यापीठानं तरुण, निरोगी लोकांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की दमट हवेत हलकी हालचाल करतानाही ३०-३१ च्या पुढं शरीराचं तापमान चढतच जातं. साइटवर सिमेंटची गोणी उचलणारा माणूस हलकी हालचाल करत नसतो, हे वेगळं सांगायला नको.

मोबाइलच्या ॲपवर ओल्या फुग्याचा आकडा सहसा नसतो, पण 'दवबिंदू' असतो, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान. तो बघायची सवय लावा, तापमानापेक्षा तो खरं सांगतो. मे महिन्यातल्या जळगावात दवबिंदू १०-१२ च्या घरात असतो. २४ च्या वर गेला की कपडे अंगाला चिकटतात. २८ च्या वर असेल त्या दिवशी अंगमेहनतीचं काम अर्ध्यावर आणायचं, पारा काहीही म्हणो. सौदीच्या दहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ नोंदला गेला होता. जगात नोंदलेल्या सर्वांत दमट क्षणांमध्ये त्याची गणना होते.

आखात म्हणजे एक हवा नव्हे

दुबई, शारजा, अबू धाबी, दोहा, मनामा, दम्माम ही सगळी उथळ आखाताच्या काठावरची शहरं. ऑगस्टमध्ये तिथलं समुद्राचं पाणी ३३-३४ अंशांपर्यंत तापतं आणि रात्रभर हवेत बाष्प सोडत राहतं. लाल समुद्राकाठच्या जेद्दाहचीही तीच गत. या गावांमध्ये समुद्रावरून वारा सुटला की पारा दोन-तीन अंश उतरतो, माणसाला वाटतं बरं झालं, आणि नेमका त्याच वेळी दवबिंदू चढलेला असतो. आपल्याकडं झळा मारणारा वारा वाईट मानतात. तिथं अंगाला गुळगुळीत लागणारा वारा वाईट.

रियाधचं मात्र वेगळं. ते समुद्रापासून लांब, पठारावर, हवा कोरडी. तिथं ओला रुमाल, कूलर, पाणी मारलेला पडदा हे आपले सगळे उपाय चालतात. कुवेतही उन्हाळ्याचा बराच काळ कोरडं असतं, पण तापतं भयानक. तिथल्या मित्रिबा केंद्रावर २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश नोंदले गेले, भारतातला फलोदीचा विक्रम ५१ चा आहे. असल्या हवेत उघड्या अंगावर वारा घेणं म्हणजे चटका घेणं. अंग झाकायचं, डोक्या-तोंडाला सुती कापड गुंडाळायचं आणि कापड ओलं ठेवायचं. वायव्येकडून 'शमाल' नावाचा धुळीचा वारा येतो तेव्हा किनाऱ्यावरही हवा कोरडी होते. घाम वाळतो म्हणून बरं वाटतं, पण डोळे आणि छाती धुळीनं भरते. दम्याच्या माणसानं पंप खिशात ठेवावा.

आणखी एक फरक आहे तो कॅलेंडरचा. आपला उन्हाळा होळीपासून चढतो, मेमध्ये टोकाला जातो आणि मृगाबरोबर मोडतो. तिथला जूनमध्ये जोर धरतो, जुलै-ऑगस्टला कळस गाठतो, आणि तापमान उतरू लागलं तरी दमटपणा सप्टेंबर संपेपर्यंत सोडत नाही. आपल्याकडं मे महिन्यातही पहाटे गच्चीवर थोडा गारवा मिळतो. तिथं ऑगस्टच्या रात्रींत पारा ३० च्या खाली उतरेलच असं नाही. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री उतरायला जागा मिळत नाही आणि थकवा साठत जातो. म्हणून तिथं एसीतली सहा-सात तासांची झोप हा औषधाचाच भाग.

पहिले चौदा दिवस

कामगारांच्या उष्माघाताच्या नोंदी जिथं नीट ठेवल्या जातात तिथं एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतले असतात. कारण सवय. उष्णतेत रोज काम करू लागल्यावर शरीरात ७ ते १४ दिवसांत ठोस बदल होतात. रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळं हृदयाला कमी ठोक्यांत तेवढंच काम करता येतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हे बदल व्हायच्या आधी पूर्ण पाळी भरणं धोक्याचं.

कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेचं वेळापत्रक सोपं आहे. नवीन माणसानं पहिल्या दिवशी उष्णतेतल्या पूर्ण कामाच्या २० टक्केच काम करायचं, मग रोज २० टक्के वाढवायचं, पाचव्या दिवशी पूर्ण. दहा तासांची पाळी धरली तर पहिल्या दिवशी उन्हातलं जड काम दोन तास, दुसऱ्या दिवशी चार. बाकी वेळ सावलीतली हलकी कामं: साहित्य मोजणं, अवजारं पुसणं. फोरमन ऐकेलच असं नाही, हे मान्य. पण बऱ्याच मोठ्या साइटवर सेफ्टी ऑफिसर असतो आणि त्याला ही पद्धत माहीत असते. "मी नवीन आहे, अजून सवय झाली नाही" हे वाक्य हिंदीत पहिल्याच दिवशी त्याच्या कानावर घाला. आपली माणसं इथंच कच खातात. नव्या गड्यानं आपण दमलो असं दाखवायचं नाही, ही शेतातली रीत तिथं जिवावर बेतते.

तयारी गावाकडूनच सुरू करता येते. जायच्या आधी दोन आठवडे रोज दीड-दोन तास घाम निघेल असं काम किंवा भरभर चालणं, उकाड्याच्या वेळी. एका दमात जमत नसेल तर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. कोरड्या उन्हातली सवय दमट हवेत अर्धीमुर्धी उपयोगी पडते, अगदी नसण्यापेक्षा कितीतरी बरी. एसी दुकानात किंवा ऑफिसात बसणाऱ्याला 'आम्ही खानदेशी' म्हणून काही सूट नाही. सवय ही गावाची नसते, शरीराची असते, आणि ती रोजच्या घामातूनच येते.

एसीत झोपल्यानं सवय मोडते हा समज डोक्यातून काढा. दिवसा उष्णतेत काम होत असेल तर रात्रीच्या एसीनं काही बिघडत नाही. विश्रांतीच्या सुट्टीत एसी खोलीत बसायलाही हरकत नाही. तिथं तहान कमी लागते एवढं मात्र लक्षात ठेवून पाणी प्यायचं.

पाणी किती आणि मीठ किती

तहान लागण्याची वाट बघू नका, पण घटाघटाही पिऊ नका. उन्हात काम चालू असताना दर १५-२० मिनिटांनी पाऊण ते एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिली. तासाला हे पाऊण ते एक लिटर होतं. तासाला दीड लिटरच्या वर जायचं नाही. घामातून मीठ गेलेलं असताना नुसतं पाणी लिटरच्या लिटर ओतलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि डोकं दुखणं, मळमळ, बावचळणं, फिट येणं इथपर्यंत मजल जाते. लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच, म्हणून सोबतचे आणखी पाणी पाजतात आणि घोळ वाढतो.

एक लिटर घामातून साधारण दोन ते साडेतीन ग्रॅम मीठ जातं. ते भरून काढायला जेवण पुरतं. वरण-भात, भाकरी-ठेचा, लोणच्याची फोड, ताक असं तिन्ही त्रिकाळ पोटात गेलं तर वेगळं मीठ खायची गरज नाही. मिठाच्या गोळ्या तर नकोतच, पोट बिघडतं. उन्हात अन्नावरची वासना जाते आणि मुलं दुपारचं जेवण टाळून कोल्ड्रिंकवर भागवतात, तिथून मिठाची तूट सुरू होते. पिंडऱ्यांना, पोटाला पेटके यायला लागले की समजायचं. ताक प्यायची सवय असेल तर दुकानात 'लबन' मागा, आपल्या ताकाच्या जवळचं असतं. सगळ्यांत मीठ नसतं, चव घेऊन बघा.

खूप घाम गेलेल्या दिवशी ओआरएस चांगलं. पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायची. अर्धी पुडी पेल्यात टाकून प्यायल्यानं प्रमाण चुकतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगेचा भरला तर मीठ जास्त होतं, म्हणून पाठीनं सपाट करायचा. कैरीचं पन्हंही चालतं, गूळ आणि मीठ दोन्ही त्यात आलं. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र मिठाचं प्रमाण डॉक्टरला विचारून ठरवावं.

पुरेसं पाणी जातंय का, हे लघवी सांगते. फिकट पिवळी म्हणजे ठीक. गडद पिवळी आणि थोडी म्हणजे तूट. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं ती उगाच गर्द पिवळी दिसते, तेवढं सोडून द्या. चहाच्या काढ्यासारखी किंवा कोलाच्या रंगाची झाली तर स्नायू विरघळून किडनीवर भार आल्याची खूण असू शकते, त्याच दिवशी दवाखाना. वजनकाटा मिळाला तर पाळीच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे एक लिटरची तूट, ती संध्याकाळपर्यंत हळूहळू भरायची. मुतखड्याचा त्रास असणारे खानदेशात घरटी सापडतात. त्यांनी हे जास्तच पाळायचं. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी पाणी कमी असलेल्या शरीरात रोज घेणं हा किडनी घालवायचा सरळ रस्ता. साइटवर ही गोळी हातोहात फिरते.

खोली, टाकी, कपडे

उन्हाळ्यात तिथं गच्चीवरची टाकी इतकी तापते की 'थंड' नळाला दुपारी पोळणारं पाणी येतं. यावर तिथं मुरलेले लोक एक युक्ती करतात: मे-जूनपासून गिझरचं बटण बंद ठेवायचं. गिझर घरात, बहुतेक वेळा एसीच्या गारव्यात असतो. त्याच्या टाकीत साठलेलं पाणी खोलीच्या तापमानाला येतं. मग आंघोळीला 'गरम' नळ सोडायचा. गिझरच्या टाकीचं माप ५० लिटर असेल तर एका माणसाची आंघोळ निवांत होते, दुसऱ्यानं तास-दोन तास थांबायचं. लहान मुलांना नळाखाली धरण्याआधी हात लावून बघणं तर सक्तीचं.

कूलर किनाऱ्यावरच्या शहरात घेऊ नका. ओल्या फुग्याचं तापमान ३१ असताना कूलर फार तर ३२-३३ ची हवा देईल आणि खोली दमट करेल. ओली चादर टांगणं, फरशीवर पाणी शिंपडणं हेही तिथं उलटतं. एसी २४-२५ वर ठेवा, गाळणी दोन आठवड्यांनी धुवा. एसीतून पाण्याची नळी ठिबकते ना, तेवढं बघत जा. ते पाणी खोलीतल्या हवेतून निघालेलं बाष्प आहे आणि एसीचा निम्मा उपकार तोच. नळी तुंबली तर पाणी आत गळायला लागतं. पंखा ३५ पर्यंत नक्की उपयोगी, दमट हवेत त्याच्या थोडं वरही. ४० च्या कोरड्या हवेत नुसता पंखा अंग तापवतो, अंग ओलं करून मगच पंख्याखाली बसायचं.

कपड्यांचंही तसंच. कोरड्या हवेत सैल, पूर्ण बाह्यांचं सुती उत्तम. दमट हवेत जाड सुती बनियन घाम पिऊन घेतं आणि वाळत नाही. पातळ, सैल, लवकर वाळणारं कापड बरं. कव्हरऑल सक्तीचं असेल तर आतले कपडे आणि मोज्यांचा एक जोड पिशवीत ठेवून दुपारी बदला. ओलं तसंच अंगावर राहिलं की जांघेत नायटा होतो आणि पाठीवर घामोळ्या उठतात. घामोळ्या क्षुल्लक समजू नका, त्यात घामाची तोंडं बुजतात आणि तेवढा भाग गार व्हायचा थांबतो. नायट्याला गावच्या मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम बांधून नेऊ नका. दोन दिवस खाज थांबते, नंतर तो पसरतो.

खिशातल्या कांद्याचंही सांगून टाकू. खिशातला कांदा उष्णता ओढत नाही. जेवणात खा, चांगला असतो.

सामान भरताना आणखी एक. खसखस नेऊ नका, चिमूटभरही नाही, मसाल्यात वाटलेली असेल तरीही नाही. अमिरात आणि सौदीसह आखाती देशांत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि विमानतळावर त्यापायी लोक अटकेत गेले आहेत. ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या वेदनेच्या आणि खोकल्याच्या औषधांचंही तसंच, आधी परवानगी लागते. रक्तदाबावर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही ॲलर्जीच्या आणि मानसिक आजारावरच्या गोळ्या उष्णता सोसायची ताकद कमी करतात. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, जायच्या आधी डॉक्टरला "तिकडं उन्हात काम आहे" एवढं सांगून प्रमाण विचारायचं.

दुपारच्या कामाची बंदी

उघड्यावर दुपारी काम करून घ्यायला या देशांत कायद्यानं मनाई आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२.३० ते ३. सौदीत त्याच तारखा, १२ ते ३. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी ११ ते ४. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट, १२.३० ते ३.३०. कतारचा नियम सगळ्यांत कडक, १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३०. शिवाय २०२१ पासून तिथं 'डब्ल्यूबीजीटी' हा आकडा ३२.१ च्या वर गेला तर घड्याळात काहीही वाजलेलं असो, काम थांबवावं लागतं. या आकड्यात ७० टक्के वजन ओल्या फुग्याचं, २० टक्के उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाचं आणि फक्त १० टक्के साध्या पाऱ्याचं असतं. वर दमटपणावर एवढी पानं का खर्चली, ते या टक्केवारीत आलं.

बंदीत एक पळवाट राहते. तीन वाजता काम पुन्हा सुरू झालं की राहिलेलं उरकायची घाई होते, आणि साडेतीन-चारला काँक्रीट, सळया, मचाणाचे पाइप सगळं भाजत असतं. पहिला अर्धा तास हलक्या कामात घालवता आला तर घालवा. बाइकवरून डिलिव्हरी करणाऱ्यांनी तर हे जास्त लक्षात ठेवावं. डांबराची धग खालून, इंजिनाची मधून आणि हेल्मेटमध्ये डोक्याचा घाम वाळायला वाव नाही.

उष्माघात कसा ओळखायचा

घाम थांबला, कातडी कोरडी ठणठणीत पडली की उष्माघात, असं आपल्याकडं शिकवलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांत बरेचदा तसं होतं. काम करता करता पडलेल्या तरुणाचं अंग मात्र घामानं निथळत असू शकतं, आणि "घाम येतोय ना, मग काही नाही" म्हणत त्याला सावलीत नुसता झोपवतात. खरी खूण डोक्यात असते. बडबड, भलतंच उत्तर, चिडणं, झोकांड्या, नाव-गाव न आठवणं. अंग तापलेलं आणि डोकं ठिकाणावर नाही, म्हणजे उष्माघात समजूनच हालचाल करायची. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि तासाभराच्या आत मेंदू, यकृत, किडनी यांची हानी होऊ शकते.

नुसती चक्कर, मळमळ, डोकेदुखी, भरपूर घाम, पण माणूस शुद्धीत आणि नीट बोलतोय, ही उन्हाची थकावट. एसीत किंवा सावलीत आडवा करा, पाय वर, बूट-कपडे सैल, ओआरएस घोट घोट. अर्ध्या तासात सुधारला नाही तर दवाखाना.

उष्माघातात क्रम असा: एकानं अँब्युलन्सला फोन करायचा (अमिरात ९९८, सौदी ९९७, कतार ९९९, कुवेत ११२, ओमान ९९९९) आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. कपडे काढा. मोठा टब असेल तर बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवा, एकानं डोकं धरून ठेवायचं. टब नसेल तर ताडपत्री चौघांनी कोपऱ्यांनी उचलून खोळ करा, मधे माणूस, वरून पाणी आणि बर्फ. तेही नसेल तर पाण्याचा पाइप सारखा अंगावर, आणि मान, काखा, जांघा यांत बर्फाच्या पिशव्या. ओलं करून पंखा मारण्याचा उपाय जळगावात छान चालतो, किनाऱ्यावर दमट हवेमुळं तो मंद पडतो, म्हणून तिथं बर्फाला पर्याय नाही. साइटवरच्या कँटीनमध्ये बर्फ कुठं असतो, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा. अर्ध्या तासाच्या आत ताप ३९ च्या खाली यायला हवा. बेशुद्ध किंवा बरळणाऱ्याच्या तोंडात पाणी, लिंबू-साखर काही घालू नका, फुप्फुसात जातं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल इथं काम करत नाही, हा ताप जंतूंचा नव्हे. तळव्याला कांद्याचा रस चोळण्यात मिनिटं घालवू नका.

घरची मंडळी

बायको-मुलं सोबत असतील तर त्यांचं बाहेर पडणं सकाळी सातच्या आत किंवा रात्री. बागेतल्या घसरगुंडीला आधी आपला हात लावायचा, लोखंड आणि प्लॅस्टिक दोन्ही पोळतात. बंद गाडीत दहा मिनिटांत दहाएक अंश चढतात, म्हणून "दोन मिनिटांत आलो" म्हणून मुलाला गाडीत ठेवणं कधीही नाही. पॉवर बँक, लायटर, डिओचा डबाही गाडीत ठेवू नका. गावाकडून आई-वडील भेटीला यायचे असतील तर नोव्हेंबर ते मार्च बोलवा. मे-जूनचं तिकीट स्वस्त पडलं तरी सत्तरीच्या माणसाला खोलीत कोंडून घालण्यापलीकडं त्यात काही हाती लागत नाही.

आणि सुट्टीचं. उष्णतेची सवय आठवडाभर दूर राहिलं की उतरू लागते, महिन्याभरात जवळपास सगळी जाते. महिनाभराची सुट्टी पावसाळ्यात शेताच्या कामाला गावी काढून ऑगस्टच्या अखेरीस परत जाणारा जुना, मुरलेला कामगार म्हणूनच पहिल्या दिवशी आडवा होतो. आपण अनुभवी आहोत या भरवशावर तो पूर्ण पाळी भरतो. त्यासाठी 'नायॉश'चं जुन्या माणसाचं वेळापत्रक वेगळं आहे: पहिल्या दिवशी ५० टक्के, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्या दिवशी पूर्ण. परतीचं विमान गुरुवारचं धरलं आणि कामावर हजर व्हायला शनिवार-रविवारची मुभा मिळाली, तर त्यातला रोज एखादा तास संध्याकाळी बाहेर चालण्यात घालवावा. सवय पुन्हा बसायला सुरुवात तिथूनच होते.